भाकरीएवढं वर्तुळ

मुलांनो, हे मी आत्ता लिहिते आहे याला दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे पोलीस ठाण्यातून एक शिपाई येऊन गेला. आजोबांच्या नावचा रायफलीचा परवाना त्यांच्याबरोबर संपला आणि येत्या सोमवारपर्यंत रायफल ठाण्यात जमा करायची आहे. तुमच्या आईला ती नको आहे आणि मला चालवता येत नाही, त्यामुळे ती जाईल. दुसरं कारण तुम्ही आहात. मागच्या रविवारी व्हिडिओवर तुम्ही विचारलंत, आजोबा तीनशे मीटरवरून दहापैकी किती गोळ्या नेमक्या मारायचे? मी म्हणाले, आठ. तुम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या आणि धाकटीने ते शाळेच्या वहीत लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर मी भांडी पुसत होते, तेव्हा लक्षात आलं की मी पुन्हा तेच केलं.

आठ हा आकडा एके काळी खरा होता. पुढे तो खरा राहिला नाही, तरी वहीत राहिला, आणि तो माझ्यामुळे राहिला. धाकटीने वहीत काय दुरुस्त करायचं ते शेवटी येईल. त्याआधी बाकीचं सांगते.

मराठीत लिहिते आहे, तुम्हाला सावकाश वाचावं लागेल. माझं शिक्षण हैदराबादला मामांकडे इंग्रजी शाळेत झालं, तीस वर्षं मी इथल्या, धाराशिवकडच्या, वाशीच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. पण इंग्रजीत लिहायला बसले की माझा अहवाल होतो, आणि अहवाल मी एकदा खोटा लिहिलेला आहे.

आजोबा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. शेवटची कितीतरी वर्षं त्यांनी नव्या भरती झालेल्या मुलांना रायफल शिकवली. गावी परतल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांनी स्वतःची एक रायफल घेतली, आणि महिन्यातून दोन रविवार आम्ही रेंजवर जाऊ लागलो. वाशीहून ईट गावाच्या बाजूला निघालं की एक कच्चा रस्ता डोंगराकडे वळतो. तिथे डोंगराच्या पोटात मातीचा उंच बंधारा घातलेला आहे. बंधाऱ्यासमोर एक खंदक आहे आणि खंदकाच्या वर गोणपाट ताणलेल्या लाकडी चौकटी उभ्या आहेत. त्यांवर कागदाची निशाणं चिकटवायची. तिथून तीनशे मीटर अलीकडे चटया टाकून नेमबाज पालथे पडतात. आठ-दहाच माणसं असायची, बहुतेक निवृत्त सैनिक, एक डॉक्टर, दोघंतिघं शेतकरी. शिट्टी आणि लाल झेंडा एका निवृत्त पोलीस हवालदारांकडे असायचा. मी त्यांना भावजी म्हणायचे.

नेम किती चांगला असावा, हे आजोबा मनाला येईल तसं ठरवत नसत. पहिल्या रविवारी निघण्याआधी ते स्वयंपाकघरात आले, तव्यावरून उतरलेली एक भाकरी उचलली, कोऱ्या निशाणाच्या मधोमध ठेवली आणि लाल पेन्सिलीने तिच्याभोवती रेघ ओढली. कागदावर पीठ सांडलं. मी शाळेची पट्टी आणून मोजलं, सव्वीस सेंटीमीटर भरलं. नंतर मी त्याच मापाचा पुठ्ठा कापून ठेवला, म्हणजे दर वेळी भाकरी लागायला नको.

रेंजवर त्यांनी वाळूच्या पिशव्यांवर रायफल घट्ट बसवली आणि स्वतः न मारता डॉक्टरांना मारायला सांगितलं. डॉक्टर तरुण होते, डोळा चांगला होता आणि वारा पडला होता. दहाच्या दहा गोळ्या भाकरीत बसल्या, काही अगदी कडेला.

"झालं," आजोबा म्हणाले. "रायफल एवढ्यात मारते. आता मी किती मारतो ते बघू. तीन रविवार. काही वगळायचं न्हाय. वारा होता, झोप न्हाय झाली, ते शेजारी लिही, पण गोळी मोज."

तीन रविवारी सात, सहा आणि आठ आले. मी वहीत लिहिलं.

"मधला आकडा सात," ते म्हणाले. "ध्येय आठ. वर्षभर तेवढंच."

मी विचारलं, "दहा का नको? रायफल दहा मारते."

"रायफल पिशव्यांवर मारते. मी काय पिशवी हाय? तुझ्या वर्गात पस्तीस मार्काच्या पोराला तू नव्वद आण म्हणतीस का?"

"म्हणते."

"मग तो काय करतो?"

"शाळेत येत नाही."

"व्हय ना," ते म्हणाले आणि रायफल पुसू लागले.

आठ यायला वर्ष लागलं. मग आठ येतच राहिले, कधी नऊ, कधी सात. तेव्हा त्यांनी एक अट घातली. लागोपाठ तीन रविवार आठच्या खाली गेले, तर रायफल ठाण्यात जमा करायची. हात गेलेल्या माणसाने हत्यार बाळगू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. वहीच्या पहिल्या पानावर मी ती अट लिहिली आणि त्यांनी खाली सही केली.

मी खंदकात कशी गेले ते सांगते. खंदकात बसून निशाणावरची भोकं मोजणारा एक माणूस होता, तो पुण्याला मुलाकडे राहायला गेला. मी तेव्हा निवृत्त झाले होते. मी म्हणाले, मी बसते. भावजी आधी नको म्हणाले. मग म्हणाले, "बसा वहिनी, पण गोळ्या सुरू असताना चहाला वर येऊ नका."

खंदकात खुर्ची होती, पाण्याची बाटली होती. डोक्यावरून गोळी जाताना चाबूक ओढल्यासारखा आवाज येतो. दोन रविवारांत त्याची सवय झाली. दहा गोळ्या झाल्या की शिट्टी वाजायची, सगळ्यांच्या रायफली रिकाम्या करून घेतल्या की भावजींचा फोन यायचा, मग मी चौकट खाली ओढायची. भोकं मोजायची, आकडा फोनवर सांगायचा आणि प्रत्येक भोकावर कागदाची गोल ठिगळं चिकटवून तेच निशाण पुन्हा वर करायचं. ठिगळं मी घरी लग्नपत्रिका कापून करायचे, शनिवारी दुपारी. ती चिकटवायला खळ घरी शिजवायचे. तीनशे मीटरवरून त्यांना भोकं दिसत नसत. दुर्बिणीतूनही कागदाचा पांढरा चौकोन आणि काळा ठिपका एवढंच दिसायचं. किती लागल्या हे त्यांना माझ्याकडूनच कळायचं.

भावजी दर वेळी फोनवर विचारायचे, "वहिनी, भाकरीत किती?" आणि आकडा कमी आला की म्हणायचे, "जरा मोठी थापत जावा की भाकरी! आमचे सुभेदारसाहेब फुकट नापास व्हायलेत."

पुठ्ठा मी कधीच मोठा कापला नाही. तेवढं सांगते.

त्र्याहत्तराव्या वर्षी आजोबांचा उजवा हात कापायला लागला. आधी चहाच्या कपात दिसलं, मग सहीत. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. त्याच हिवाळ्यात निवडणूक आली. निवडणुकीच्या काळात परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात, तशी यांचीही जमा झाली, आणि परत मिळायला बरेच आठवडे लागले.

त्या आठवड्यांत ते उठून अंघोळ करायचे, कपडे घालायचे आणि बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचे. टीव्ही बंद. वर्तमानपत्र घडी न मोडता टीपॉयवर. जेवायला बोलावलं की यायचे, ताटातलं संपवायचे, परत जाऊन बसायचे. मी काही विचारलं तर उत्तर द्यायचे, पण त्याला माझ्या प्रश्नाची गरज नव्हती असं वाटायचं. तुमच्या आईने फोन केला की म्हणायचे, मी मजेत. रायफल परत आली त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

हे मी पाहिलं होतं. पुढे मी जे केलं त्याचं कारण एवढंच आहे. ते पुरेसं आहे का, हे मी ठरवलेलं नाही.

रेंज पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्या रविवारी सात आले. दुसऱ्या रविवारी सहा. तिसऱ्या रविवारी मी चौकट खाली ओढली आणि मोजलं, सात. बाहेरच्या तीनपैकी एक लाल रेघेपासून बोटभरच लांब होती. तीन रविवार झाले होते. फोन वाजत होता.

मी त्या बाहेरच्या भोकावर ठिगळ लावलं. अंबाड्यात पेन्सिल होती, शाळेपासूनची सवय. ती रेघेच्या आत कागदातून आरपार घातली आणि फिरवून काढली. भोक जवळपास तेवढंच झालं. फोनवर नुसतं आठ म्हणता आलं असतं, पण कागदावर नसलेला आकडा माझ्या तोंडून निघेना. मग फोन घेतला.

"किती वहिनी?"

"आठ."

"वाचले साहेब!" भावजी तिकडे ओरडले.

वाईटही वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. वहीत आठ लिहिले आणि समासात पेन्सिलीने एक बारीक टिंब दिलं. ते टिंब का दिलं असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. नोंद केल्याशिवाय मला काही करता येत नाही, एवढंच.

आधी मी फक्त दर तिसऱ्या रविवारी करायचे. पण खरे आकडे खाली येत गेले, सहा, पाच, आणि मध्येच आठ विचित्र दिसायला लागले. एखाद्या वर्गात नापास मुलाचा एकच पेपर चांगला आला की आपण काय समजतो, तसं. म्हणून मग मी प्रत्येक रविवारी करू लागले. कधी एक भोक, कधी दोन, कधी तीन, पुढे चार. जेवढी भोकं, तेवढी टिंबं. घरी येताना गाडीत ते म्हणायचे, "हात कापतो पण नेम हाय बघ." मी म्हणायचे, हो. रस्त्याच्या कडेला तरवड फुलायची, ज्वारी कापली जायची, पुन्हा पेरली जायची. दीड वर्ष हे चाललं.

उघडकीला आलं ते माझ्या टापटिपीमुळे.

निशाणाचा कागद जाड असतो. खूप ठिगळं झाली की तो काढून नवा लावायचा. जुने कागद टाकून देणं माझ्या हातून होत नाही. ते मी घरी आणून स्वयंपाकघराच्या फळ्यांवर, डब्यांखाली अंथरायचे. खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, पण मोरचूद विषारी असतं. कागद डब्यांखाली जाणार म्हणून मी ते घालणं बंद केलं होतं. त्यामुळे झालं असं, की फळीवर झुरळांनी खळ खाल्ली आणि ठिगळं सुटली.

एका सकाळी आजोबांनी चहासाठी साखरेचा डबा काढला. हात कापला, डबा कलंडला, साखर सांडली. ती झटकायला त्यांनी खालचा कागद ओढून काढला. मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते. आत आले तेव्हा ते खिडकीशी स्टुलावर बसले होते. कागद उजेडाला धरलेला, जमिनीवर साखर तशीच.

"अगं, ही गोळी कुणी मारली?"

"तुम्हीच."

"मी धातूची मारतो," ते म्हणाले. "ही लाकडाची हाय."

त्यांनी मला दाखवलं. गोळी कागदातून जाताना भोकाच्या कडेला काळसर गोल रेघ सोडून जाते, गोळीवरची घाण कागदाला पुसली जाते. पेन्सिलीच्या भोकाला ती रेघ नव्हती. कड पांढरी आणि फाटकी होती. दीड वर्ष मी ती भोकं पाडली आणि एकदाही नीट पाहिली नव्हती.

"रंगरूट पोरं हेच करायची," ते म्हणाले. "मी त्यांना रायफल डोक्यावर धरून मैदानाला चकरा मारायला लावायचो. मास्तरीणबाई, तुम्हाला काय लावू?"

"लावा काय लावायचं ते."

"कधीपासून?"

"निवडणुकीनंतर."

"दर वेळी?"

"आधी तिसऱ्या रविवारी. मग दर वेळी."

त्यांनी कागद उलटा करून पाहिला. मग म्हणाले, "खरे किती, ते आता कुठून कळणार?"

मी वही आणली आणि समास दाखवला. मी म्हणाले, आकड्यातून टिंबं वजा करा. त्यांनी चष्मा लावला. बोट कापत होतं म्हणून बोटाऐवजी चमच्याची दांडी धरून एकेक ओळ वजा करत गेले. सात. सहा. पाच. सहा. पाच. पाच. चार. मी साखर भरून घेतली.

"चोरीची पावती ठेवणारी बाई आज बघितली," ते म्हणाले. हसले की काय, ते मला कळलं नाही.

रागावले नाहीत. वही मिटून ते जे बोलले ते मला शब्दशः आठवतं, कारण दुसऱ्या दिवशी मी ते लिहून ठेवलं.

"आठ येतायत म्हणून मी काहीच बदललं न्हाय. कोपर तसंच टेकवलं, श्वास तसाच धरला. औषधाची गोळी सकाळी सातला घेतो आणि रायफल मारतो अकराला, तोवर तिचा असर उतरलेला असतो. पाच येतायत हे कळलं असतं तर मी दहाला घेतली असती. शंभर मीटरवर मारलं असतं. दीड वर्ष मी दुसऱ्याच कुणाच्या तरी हातानं सराव केला."

मग त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं. अट माझ्या अक्षरात होती, खाली त्यांची जुनी सही, सरळ. अटीप्रमाणे रायफल दीड वर्षापूर्वीच जायला हवी होती. ते उठले, कपाटातून रायफलीची पेटी काढली, परवाना खिशात घातला, बूट घातले. बाहेरच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसले. तीच खुर्ची. भिंतीकडे तोंड.

"ठाण्यात आता कोण असतं?"

"असतं कुणी ना कुणी," मी म्हणाले.

मी स्वयंपाक केला. वरण, शेपूची भाजी. एकदा डोकावले, ते तसेच बसले होते. दुसऱ्यांदा डोकावले नाही. दुपारी एकच्या सुमारास बूट काढल्याचा आवाज आला.

जेवताना म्हणाले, "आठ कुणी ठरवलं होतं? तीन रविवारांनी. पण तो माणूस सहासष्ट वर्षांचा होता. त्याची अट मला कशी लागू व्हायची? परत तीन रविवार मारतो. तू मोज."

"मी?"

"मग कोण? भावजीला अंक येतात का?"

पेन्सिल मी घरी ठेवायला लागले. अंबाड्यात साधा काटा.

तीन रविवारी चार, तीन, चार आले. मधला आकडा चार. ध्येय पाच. आणि जुनी अट खोडून त्यांनी नवी लिहायला सांगितली. भाकरीत किती, याच्यावर आता रायफल अवलंबून नव्हती. दहाही गोळ्या कागदावर असल्या पाहिजेत, एवढंच. कागद हातभर रुंद आणि हातभर उंच असतो. "एक जरी कागदाबाहेर गेली," ते म्हणाले, "तर ती कुठं गेली हे मला माहीत न्हाय. त्या दिवशी जमा." या वेळची सही वेडीवाकडी आली, पण वाचता येते.

त्यानंतरचे सात-आठ महिने ते औषध दहाला घ्यायचे आणि अकराला मारायचे. कोपराखाली दुसरी पिशवी घेतली. दहा गोळ्या सलग न मारता पाच-पाच मारू लागले. मी खंदकातून आकडा सांगायचे आणि ते तो तसाच मानायचे. एकदाही कागद बघायला आले नाहीत. मी म्हणाले, येऊन बघा तरी. ते म्हणाले, "तू मोजलंस ना?"

एका रविवारी मी मोजलं, पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा पुठ्ठा लावून मोजलं. फोन भावजींनी न करता आजोबांनीच केला होता.

"किती?"

"पाच."

पलीकडून, "पेन्सिल?"

"घरी."

"बरं," ते म्हणाले. तेवढंच. पण परतताना त्यांनी वाटेत गाडी थांबवायला लावली आणि हॉटेलात भजी मागवली. भावजी सोबत होते. भावजी म्हणाले, "साहेब, आठ आले तेव्हा कधी भजी न्हाई चारली, आज पाचाला?" आजोबा म्हणाले, "गप खा."

भावजींना आम्ही कधीच काही सांगितलं नाही.

शेवटचा रविवार गेल्या हिवाळ्यातला. वारा होता, डावीकडून, झेंडा पूर्ण ताणलेला. औषध वेळेवर घेतलं होतं. मी चौकट खाली ओढली. भाकरीत चार होत्या. बाहेर पाच. एकूण नऊ. मी कागद वरपासून खालपर्यंत बोटाने पाहिला. दोन गोळ्या एकाच भोकातून गेल्या असतील म्हणून प्रत्येक भोकाची कड पाहिली. प्रत्येकाला एकेकच काळी रेघ होती. चौकटीचं लाकूड पाहिलं. तेही कोरं होतं.

फोन वाजला. अंबाड्यात काटा होता. काट्यानेही भोक पडतं, हे मला माहीत होतं.

"किती?" त्यांचाच आवाज.

"भाकरीत चार."

"कागदावर?"

"नऊ."

"नीट बघितलंस?"

"हो. तीनदा."

"बरं," ते म्हणाले. "लिही."

मी लिहिलं. त्या कागदावर मी ठिगळं लावली नाहीत. काढून गुंडाळला आणि घरी आणला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रायफल पूर्ण खोलून साफ केली, तेल लावलं, पेटीत ठेवली. मंगळवारी ठाण्यात जायचं ठरलं. सोमवारी संध्याकाळी ताप भरला. मंगळवार गेला, आठवडा गेला. मग छातीत कफ झाला, धाराशिवला दवाखान्यात नेलं, आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, तुमची आई विमानाने आली होती.

तुमच्या आईला मी हे सगळं तेव्हाच सांगितलं. तिने विचारलं, "आई, तू तेव्हा एक भोक पाडलं असतंस तर?" ती माझ्यावर रागावलेली नव्हती, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मला माहीत नाही. डॉक्टरांनी कारण लिहिलं ते न्यूमोनियाचं. मी ते वाचलं आणि फाइलला लावलं.

मला रडू आलेलं नाही. येईल असं लोक म्हणतात. मी वेळेवर उठते, एकटीपुरत्या दोन भाकऱ्या करते, औषधं घेते. पहिले काही शनिवार दुपारी लग्नपत्रिका आणि कात्री घेऊन बसले होते, तीसेक ठिगळं कापल्यावर लक्षात आलं. ती एका डबीत ठेवली आहेत. भावजी एकदा येऊन गेले. खंदकात बसायला कुणी नाही म्हणाले, वहिनी या. मी म्हणाले, बघू.

सोमवारी सकाळी दहाला मी रायफल घेऊन ठाण्यात जाणार आहे. भावजी गाडी आणतील. पावती घेऊन ती परवान्याला टाचून ठेवीन. अट त्यांची होती, सही त्यांची आहे, उशीर माझ्याकडून झाला.

धाकटीने वहीत असं लिहावं: आधी आठ, नंतर चार, एकदा पाच.

रायफल गेल्यावर घरात जे उरेल ते असं. एक पुठ्ठा, सव्वीस सेंटीमीटर. एक डबी ठिगळं. टिंबं असलेली वही, पहिल्या पानावर एक खोडलेली अट आणि एक न खोडलेली. आणि लोखंडी पेटीत, साड्यांच्या खाली, गुंडाळलेला एक कागद. त्याच्यावर नऊ भोकं आहेत आणि त्यांतली चार वर्तुळात आहेत.